पुढच्या दोरीवरचा टी-शर्ट

दुपार कलली की समुद्रावरचा वारा आमच्या घोलवडच्या वाटेला वळतो आणि सगळ्यांत आधी गाठतो तो जमनाच्या अंगणात, पुढच्या दोरीवर वाळणारा एक पांढरा टी-शर्ट. पांढरा आपला म्हणायचा! मूळच्या त्या शुभ्रतेवर तपकिरी ठिपक्यांची इतकी दाटी झालेली, खांद्यांवर गडद, छातीवर विरळ, कुशीपाशी एखादाच चुकार ओघळ, की वारा भरून तो फुगला म्हणजे ती सारी ठिपक्यांची सृष्टी हेलकावते, क्षणभर थबकते आणि पुन्हा अंग सैल सोडते. जवळून गेलं तर रॉकेलचा अगदी पुसट वास येतो. बोर्डीच्या किनाऱ्याकडे निघालेल्या गाड्या तिथं हटकून मंदावतात, काचा खाली होतात, आतल्या तरुण मुली एकमेकींना काहीतरी दाखवतात. मीही थांबते. रोजची वाट, रोजचाच तो टी-शर्ट, तरी थांबते. का, ते सांगायचं तर मला जरा लांबून यावं लागेल, आणि तुम्हालाही माझ्यासोबत.

टी-शर्ट या वस्त्राविषयी माझं मत कधीच बरं नव्हतं. ना कॉलर, ना बटण, ना इस्त्रीची काही चाड. शाळेत मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला ते गोणपाटाचं धाकटं भावंडच वाटायचं. आणि आमच्याकडे तो दिसायचा तरी कुठल्या रूपात? वरोरला क्रिकेटचे सामने झाले की कोळ्यांच्या पोरांच्या पाठीवर होड्यांची नावं, हायवेला अच्छाडच्या नाक्यावर ढाब्यांशेजारी बांबूवर टांगलेली इंग्रजी अक्षरं, जी विकणाऱ्यालाही वाचता येत नाहीत आणि घेणाऱ्यालाही. निवडणूक आली की उमेदवाराचं हसू, पेरणी आली की खताची पिशवी. माणसाचं वक्षस्थळ म्हणजे काय जाहिरातीची भिंत आहे? पण फुकट मिळालेलं कापड कोण टाकतं! ते झिजेपर्यंत वापरायचं, एवढाच त्यावरचा तोडगा.

जमनाच्या नवऱ्यानं, बुधानं, मात्र दुसरा तोडगा काढला होता. खताच्या दुकानातून मिळालेला पांढरा टी-शर्ट तो उलटा करून घालायचा, शिवण बाहेर आणि जाहिरात आत. मी एकदा विचारलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला होता की झाडावर आपण चढायचं आणि नाव दुकानाचं मिरवायचं, हे काही बरोबर वाटत नाही. फार बोलणारा माणूस नव्हे तो. पण त्या दिवसापासून मी त्याच्या त्या उलट्या शिवणीकडे आदरानं बघू लागले.

नवरा-बायको दोघंही चिकूच्या वाड्यांत कामाला. तो टोकाला जाळी बांधलेल्या बांबूनं फळ उतरवतो, ती खाली बसून धुते, निवडते. तुम्ही चिकू खाल्ला असेल, त्याचा चीक पाहिला नसेल. देठ तुटला की दुधासारखा पांढरा थेंब टपकतो, अंगावर पडतो आणि दिसेनासा होतो. माणसाला वाटतं, काही झालंच नाही. दुसऱ्या दिवशी तोच थेंब तपकिरी होऊन उगवतो आणि मग जन्मभर हलत नाही. किती विलक्षण आहे हे! श्रमाची खूण श्रमाच्या वेळी दिसतच नाही, ती सावकाश, आपल्या सवडीनं वर येते.

जमनाला यात विलक्षण वगैरे काही वाटत नसे. तिचं या चिकाशी उभं वैर होतं. रेशनचं रॉकेल चुलीला कमी पडलं तरी चालेल, पण चिंधी बुडवून डाग घासायला ते राखून ठेवलेलंच असायचं. घराला तिनं दोन दोऱ्या बांधल्या होत्या, एक पुढे रस्त्याकडे आणि एक मागे, निवडुंगाच्या आड. मागच्या दोरीवर दोघांचे कामाचे कपडे. पुढच्या दोरीवर फक्त मनीषाचा, लेकीचा, शाळेचा गणवेश, इतका पांढरा की आमच्या शाळेत तसा दुसरा नव्हता. एकदा वर्गात कुणीतरी मनीषाच्या बाहीवरचा बारीकसा डाग दाखवून हसलं होतं. पोर घरी जाऊन रडली, आणि त्यानंतर जमनानं पुढची दोरी वेगळी केली. लेकीच्या अंगावर आपल्या धंद्याची खूण दिसता कामा नये, हे तिचं व्रतच होतं म्हणा ना.

तीच मनीषा पुढे डहाणूत एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागली. वाढदिवसाच्या शुभेच्छा, दहाव्याचे फोटो, नव्या दुकानांची उद्घाटनं. दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे मोठे करायचे आणि संध्याकाळी शटल रेल्वेगाडीनं परतायचं. फोनवरचं इंटरनेट नुकतंच स्वस्त झालं होतं, पण आमच्या आळीत ते यायचं ते फक्त माझ्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. एका रविवारी ती चहाचा कप घेऊन तिथं बसली आणि मला फोन दाखवत म्हणाली की टी-शर्टवरच्या चित्रांची स्पर्धा असते, कुणीही चित्र पाठवायचं, लोक गुण देतात, आणि ज्याचं निवडलं जातं त्याचे खरोखरचे टी-शर्ट निघतात, आत गळ्यापाशी चित्रकाराचं नाव छापून. मी नाक मुरडलं. गोणपाटावर नक्षी, असं काहीसं बोललेही असेन.

पण बाई गं, काय ती चित्रं! एका टी-शर्टवर चंद्र चिमटा लावून दोरीवर वाळत घातला होता. एकावर एसटीच्या खिडक्यांमधून देवमासे बाहेर डोकावत होते आणि कंडक्टर त्यांच्याकडे सुटे मागत होता. एकावर नुसती एक म्हातारी, ढगाची लोकर विणणारी, आणि तिच्या पायाशी पडलेला गुंडा म्हणजे पाऊस. कुठं गुवाहाटीची मुलगी, कुठं इंदूरचा बँकेतला माणूस, कुठं कोचीतली दोन मुलांची आई. यांना कुणी सांगितलं होतं हे काढायला? कुणीच नाही. वहीच्या कोपऱ्यात जे चाललं असतं ते माणसानं एकदाचं उघड्यावर आणलं होतं, आणि अनोळखी लोक ते अंगावर घेऊन बाजारहाट करत होते! देवळाच्या भिंतीवरचं चित्र बघायला आपण जातो; हे चित्र आपणहून गर्दीत येतं, घाम पितं, धुतलं जातं, विरतं. दर रविवारी नवे टी-शर्ट आले का, हे आता मनीषाआधी मीच विचारू लागले. गुण देताना तर मी पेपर तपासल्यासारखी चष्मा पुसून बसायची.

आणि एका रविवारी तिनं स्वतःचं चित्र दाखवलं. मी ओळखलं ते लगेच. मागच्या दोरीवरचा बुधाचा टी-शर्ट तिनं गुपचूप गच्चीवर आणून पसरला होता आणि त्यावरचा प्रत्येक डाग जसाच्या तसा उतरवला होता. काही घातलं नव्हतं, काही वगळलं नव्हतं. खाली चित्राचं नाव लिहिलं होतं, ‘बाबांचा हंगाम’. डोळे भरून आले, ते मी वाऱ्यावर ढकललं. मग मनीषा म्हणाली की आईला यातलं काही सांगायचं नाही. जे घालवण्यात तिचा जन्म गेला तेच मी छातीवर मिरवणार, हे कळलं तर ती मला कधी माफ करणार नाही. भीती खरी होती. पुरस्कार मिळो न मिळो, त्यापेक्षा आईच्या मनातून उतरण्याचं भय मोठं होतं.

चित्र निवडलं गेलं. गच्चीवर आम्ही दोघी टाकीभोवती अक्षरशः नाचलो, माझ्या गुडघ्यांनीही त्या दिवशी तक्रार केली नाही. नमुन्याचा एक टी-शर्ट माझ्या पत्त्यावर आला. तो घालून काढलेला फोटो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाठवायचा होता, मग त्याच संध्याकाळी विक्री सुरू. मनीषानं तो घरी नेला, कपड्यांच्या घडीखाली दडवला. सकाळच्या उन्हात माझ्या अंगणात फोटो काढायचा आणि तो गेला की मग आईला हळूहळू सांगायचं, असं ठरलं.

मनीषा उजाडायच्या आतच माझं अंगण झाडायला आली होती; तिच्यासोबत टी-शर्ट आणायला मी फोन घेऊन त्यांच्याकडे गेले आणि रॉकेलच्या वासानं कुंपणाशीच थबकले. धुण्याच्या दगडापाशी जमना बसली होती, बाजूला रॉकेलची बाटली, हातात चिंधी. धुणं गोळा करताना तिला घडीखाली पांढराशुभ्र नवा कपडा सापडला होता आणि त्यावर, छातीवर, चीक! लेक चोरून वाडीत कामाला जाते की काय, या धास्तीनं ती उजाडल्यापासून घासत होती. छापाचा रंग रॉकेलनं फुटला होता. ठिपक्यांचा नुसता चिखल झाला होता. आम्हाला बघून तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला आणि लेकीला म्हणाली की घाबरू नको, एवढा हट्टी चीक मी जन्मात बघितला नाय, पण काढते.

मनीषा तिथंच पायरीवर बसली. तिला रडूही येईना. शेवटी मीच तोंड उघडलं. ते डाग नव्हते जमना, चित्र होतं. बुधाच्या टी-शर्टवरून हिनं काढलेलं. कुठकुठच्या लोकांनी ते निवडलंय आणि दुपारी फोटो जायचाय, हे सगळं मी एका दमात सांगून टाकलं. जमनानं हातातली चिंधी खाली ठेवली. वाऱ्यानं बाटलीचं बूच घरंगळत गेलं, ते कुणी उचललं नाही. लेक खाली मान घालून, माय दगडावर, आणि मध्ये मी, उगाच पदर सारखा करत. मग जमनानं एकच विचारलं.

“लोकांना माहीत हाय, हे कसले डाग ते?”

मनीषानं मान वर केली. “खाली लिहिलंय आई. चिकूचा चीक म्हणून. बाबांचा म्हणून.”

जमना उठली आणि आत गेली. आता ही दिवसभर बाहेर येत नाही, असं मला वाटलं. पण ती मागच्या दारानं गेली होती. निवडुंगाच्या आडून ती परतली तेव्हा तिच्या हातात बुधाचा टी-शर्ट होता, उलटा, शिवण बाहेर, आदल्या दिवशीचा ताजा डागही त्यावर उगवलेला. तिनं तो झटकला, लेकीच्या खांद्यांना लावून माप बघितलं.

“हा घाल. याचे डाग जात नाय. मी सगळं करून बघितलंय.”

तेव्हा मात्र मनीषा रडली, आणि मी तिच्याहून मोठ्यानं. फोटो जमनाच्याच अंगणात काढला. जमनानं लेकीचे केस सारखे केले, बाही ओढली, एक ओघळ घडीत लपत होता तो मुद्दाम पुढे घेतला. स्पर्धेवाल्यांनी लगेच उत्तर पाठवलं की नमुन्याचा छाप फारच सहज उतरलाय, अगदी खऱ्यासारखा! ते मी जमनाला मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की ठसका लागला. संध्याकाळी बुधा घरभर आपला कामाचा कपडा शोधत होता. तो फोटोत आहे असं कळल्यावर, मग उद्या मी काय घालू, एवढंच त्यानं विचारलं.

पुढे छापलेले टी-शर्ट आले. माझ्याकडेही एक आहे. साठी उलटलेली मी तो सलवारीवर घालते, आणि हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. गळ्याच्या आत मनीषाचं नाव आहे, मानेला ते जाणवतं. तिची आणखीही चित्रं पुढे निवडली गेली, चांगली आहेत, एकदा सवडीनं दाखवीन. पण माझी वाट अडते ती त्या मूळच्या टी-शर्टपाशीच. जमना अजून तो धुते. रॉकेल लावते ते सवयीनं, फार घासत नाही. मागची दोरी तिनं सोडून टाकली, तिथं आता दुधीचा वेल चढलाय.

परवा अशीच एक गाडी थांबली. आतली मुलगी उतरली, तिनं दोरीवरच्या त्या ठिपक्यांकडे डोळे भरून बघितलं आणि जमनाला म्हणाली की मावशी, हा विकत मिळेल का? मी कुंपणाशी उभी राहून ऐकत होते. जमनानं टी-शर्टची एक बाही उन्हाकडे वळवली, हात लावून ओल पाहिली आणि शांतपणे सांगितलं, “विकायचा नाय. उद्या कामावर जायचं हाय त्याला.”

गाडी गेली. वारा आला, टी-शर्ट फुगला, आणि मी भाजी आणायला निघाले.