सासूबाई आणि तलवारीचा सिनेमा

आमच्या चित्रपट मंडळात त्या रविवारी सकाळी प्रास्ताविक माझं होतं. एरवी संथ, घरगुती चित्रपट काढणाऱ्या एका नावाजलेल्या दिग्दर्शकानं चिनी तलवारबाजीचा चित्रपट केला होता. मी पंधरा दिवस टिपणं काढत होते. सासूबाई तेव्हा धायरीहून आमच्याकडे कर्वेनगरला राहायला आलेल्या. त्यांना घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून यांनी त्यांनाही बरोबर घेतलं.

चित्रपटात एका तरुणीला तिच्याच गुरूला मारायला पाठवलेलं असतं. ती चार वेळा तलवार उपसते, चारही वेळा तो वाचतो. नंतरच्या चर्चेत मी म्हणाले, दिग्दर्शकानं हाणामारीतला वेग काढून घेतलाय, रिकाम्या जागेला बोलतं केलंय. लोकांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "तिला मारायचंच न्हवतं. केवढ्या लांब बाह्या तिच्या! मारायला निघालेली बाई आधी बाह्या वर सारंल का न्हाई? हिनं एकदाबी सारल्या न्हाईत."

टाळ्या पडल्या. सासूबाईंना पडद्याखालची इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, त्यामुळे त्या दोन तास नुसत्या बघत होत्या. मी वाचत होते.

मंडळाचे अध्यक्ष उठून त्यांच्याकडे गेले. "आजी, पुढच्या महिन्यात नक्की यायचं." मग माझ्याकडे वळून, "आपलं प्रास्ताविक छान होतं. जरा लांबलं."

यांनी तो बाह्यांचा किस्सा सोसायटीभर सांगितला. प्रत्येक वेळी मी काहीतरी निमित्त काढून तिथून निघून जायचे.

पुढच्या महिन्यात हे कामानिमित्त बाहेरगावी होते. मी सासूबाईंना म्हणाले, "या वेळी चित्रपट नाही. मी लायब्ररीत जाऊन येते." मंडळात जो तो विचारत होता, आजी कुठायत? मी सांगितलं, गुडघे दुखतायत. त्या दिवशी मीही बोलले. माझं संपताच लोक चहाकडे वळले.

घरी आले तर सासूबाई पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या अध्यक्षांचा फोन आलता. गुडघे कसे हायत, इचारत होते."

"मग? काय सांगितलंत?"

"दुखत्यात म्हनलं. हात धू, जेवून घे."

त्यानंतरच्या महिन्यात मीच त्यांना रिक्षात घालून नेलं. त्या पुन्हा बोलल्या, पुन्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण जळायची थांबले होते, असं म्हटलं तर ते खोटं होईल.