धाकटीच्या हातची आंबील

त्या वर्षी देवीवरचा माझा विश्वास उडत चालला होता आणि धाकट्या जावेचा मला भयंकर मत्सर वाटत होता. दोन्ही गोष्टी कबूल करायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? सासूबाईंना कॅन्सर निघाला तेव्हापासून, म्हणजे चार महिने, मी शाळेतून रजा घेऊन घरीच होते. किमो झाली की आठवडाभर त्यांना अन्नाचा वाससुद्धा सोसायचा नाही. मुगाचं पाणी, पेज, मऊ खिचडी, सगळं करून पाहिलं. दोन चमचे घ्यायच्या आणि तोंड फिरवायच्या. मी त्यांना कशालाही हात लावू देत नव्हते. पाण्याचा पेलाही मीच धरायची. दिवा लावताना माझं एकच मागणं असे, माझ्या हातून आईंच्या पोटात चार घास जाऊ देत.

भाद्रपदात आमच्या बोरगावच्या घरी महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. त्यासाठी जाऊ सिंदीहून आली. एरवी ती महिन्यातून एकदा यायची, सफरचंदं ठेवायची, तासभर हसून-बोलून परत जायची. पुढे चार दिवस आईंच्या तोंडी तिचंच नाव. राबायचं मी आणि कौतुक हिचं! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

मी पुरणात अडकले होते, म्हणून नैवेद्याची ज्वारीची आंबील तिच्याकडे गेली. नैवेद्य दाखवेपर्यंत ती कुणी चाखायची नाही, हा घरचा नियम. इतकी वर्षं आई नुसत्या वासावरून आणि धारेवरून ती जमली की नाही ते सांगायच्या. यंदा वासानं उलटी होईल म्हणून मी त्यांच्या खोलीचं दार लोटून ठेवलं होतं. धाकटीनं सरळ पातेलं उचललं आणि त्यांच्या पलंगाशी नेलं.

"आई, पाहा बरं, जमली काय?"

मी पुरणाच्या हातांनी धावले. आई उठून बसल्या होत्या. पळीतून पडणारी धार बघत म्हणाल्या, "ताक कमी पडलं व. अन् धार तुटून राह्यली पाह्य, अजून शिजू दे." असा आवाज मी चार महिन्यांत ऐकला नव्हता. नैवेद्य झाल्यावर त्यांनी स्वतःहून वाटी मागितली आणि जावेच्या हातून ती घेऊन स्वतःच सगळी संपवली.

मागितलेलं मिळालं होतं, फक्त माझ्या हातून नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देवीसमोर जाऊन मी चक्क तोंडानं भांडले, "उलट्या मी पुसल्या आणि मान हिला?" मागे वळले तर जाऊ ताट घेऊन उभी. सगळं ऐकलं होतं तिनं.

"ताई," ती म्हणाली, "तुमी कोनाले कायले हातच लावू देत नाई. मंग आमी पावन्यावानी यावं न फळं ठेवून जावं. आता चार दिवस मी हाय. तुमी जेवा न झोपा."

मला रडू फुटलं. जेवले, आणि भर दुपारी मेल्यासारखी झोपले.

संध्याकाळी आईंनी जवळ बोलावलं. म्हणाल्या, "तुयावर माहा राग नाई व. पन तू घास भरवते तवा वाटते, मी आता कोनत्याच कामाची नाई राह्यली. तिनं मले काम सांगतलं."

मी कृपा माझ्याच हातून यावी म्हणून हटून बसले होते. ती माझ्या दारातून आत आली, तरी मी तिच्याशी भांडत होते. अजूनही आई आणि जाऊ मिळून हसल्या की पोटात दुखतं, नाही असं नाही. पण त्या दिवशी देवीनं मला माणूस दिलं, झोप दिली, आणि हे सगळं मी न मागता दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेथीची जुडी आईंच्या पुढ्यात ठेवली. अर्धी निवडून त्या दमल्या आणि उरलेली माझ्याकडे सरकवली.