आढ्याखालची उघडी जागा

मिरजेत रेल्वेची जुनी चाळ होती, साहेबाच्या काळातली. काळ्या दगडाच्या खोल्या एकमेकींना चिकटून, आणि सगळ्यांवर एकच लांबलचक कौलारू छप्पर. दोन घरांमधली भिंत मात्र आढ्यापर्यंत नेलेलीच नव्हती. वर चांगली माणूसभर जागा उघडी होती. वारा खेळावा म्हणून, असं म्हणत. वडील म्हणायचे, साहेबानं दगड वाचवला. काही का असेना, शेजारच्या घरातली फोडणी आमच्याकडे शिंकायला लावायची आणि आमची भांडणं त्यांना तोंडपाठ असायची.

शेजारी फिटरचं कुटुंब. त्यांच्या बायकोला आई भाभी म्हणायची. सकाळी चूल पेटवली की आई मान वर करून हाक मारायची, "भाभी, उठला का?" पलीकडून यायचं, "व्हय वैनी, उठले." मग दिवस सुरू. ओट्यावर चढून भिंतीवरून वाट्या इकडून तिकडे जायच्या. भिंतीचा तेवढा माथा तेलकट, गुळगुळीत झाला होता. ईदचा शीरखुर्मा आणि आमच्या पुरणपोळ्या दारानं कधी आल्या-गेल्याच नाहीत.

वडिलांच्या मागं मी रेल्वेत लागलो, म्हणून खोली टिकली. पुढं चाळ धोकादायक ठरली. आम्हाला नव्या इमारतीत दुसरा मजला मिळाला. भाभी मुलाकडं साताऱ्याला गेल्या. मला नवं घर फार आवडलं, खोटं कशाला बोलू? प्रत्येकाला आपापली पक्की भिंत, वर स्लॅब. कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, हे मी पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो.

एका सकाळी मी ड्युटीवर असताना आई स्वयंपाकघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. मी संध्याकाळी आलो तर ती ओट्याखाली तशीच पडलेली, आवाज पार बसलेला. शेजारचं दार हाकेवर होतं, पण तिनं दाराकडं तोंडच केलं नव्हतं. ती छताकडं बघत होती.

"भाभीला लय हाका मारल्या रं," ती म्हणाली. "आली न्हाई."

भाभी साताऱ्याला असतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. दुखण्यात तोंडातून तेच आलं. मला रडू आवरेना.

आई दवाखान्यातून घरी आलीच नाही.

भाभी भेटायला आल्या. आता पुष्कळ थकल्या आहेत. मी हाकांचं सांगितलं आणि सांगितल्यावर वाटलं, उगाच सांगितलं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याला धरून उभ्या राहिल्या आणि वर स्लॅबकडं बघू लागल्या.

"सून मला हसती," त्या म्हणाल्या. "सकाळी चहा ठेवला की मी पन वर बघून म्हनते, उठले वैनी. कुनी इचारलेलं नसतं, तरी म्हनते."

मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "त्या दिवशी पन म्हनले आसंन की रं."