सुमनचं दुखणं आणि माझी तपासणी

आमच्या घरात बायकोला किती दुखतंय, हे काही काळ मी ठरवत होतो. ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं.

सुमनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती कॉटला खिळली. दवाखान्यातल्यांनी माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. रोज सकाळ-दुपार आकडा दाबायचा, तो थेट डॉक्टरांकडे जाणार आणि त्यावरून व्यायाम ठरणार. दिवाळीपर्यंत स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरात जायचं, हा सुमनचा हट्ट होता.

"बाबा, आईला विचारून भरा हं," मुलगी मीनल फोनवर म्हणाली.

विचारून? मी ओझरच्या कारखान्यात जन्मभर तपासणी केली! सुटा भाग कसा आहे, हे भागाला विचारायचं नसतं. बघून ठरवायचं.

मी बघितलं. सुमन कडाडली, "अहो, पंखा कमी करा! उशी सरकवा! एक काम नीट जमेल तर शपथ!" आवाज खणखणीत. मी शून्य दाबलं.

दुपारी ती मालिका बघत गप्प पडली होती. (आमच्या संसारात हे अभूतपूर्व!) मी घाबरून नऊ दाबले. दवाखान्यातून लगेच फोन, "आज व्यायाम नको."

दुसऱ्या दिवशी ती ओरडली. शून्य! फोन आला, "छान, व्यायाम वाढवा." वाढवला. ती आणखी ओरडली. मी खूश. काय झपाट्याने सुधारतेय!

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "काकू, व्यायामानंतरही शून्य? कमाल आहे!"

"शून्य?" सुमन उसळली. "जीव जातो माझा! दुखतं तेव्हाच तर यांच्यावर ओरडते. बरं वाटलं की गप्प असते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहिलं.

व्यायाम कमी झाला, फोन सुमनच्या हातात गेला आणि दिवाळी हुकली. वॉकर धरून ती स्वयंपाकघरात पोचली ती थेट संक्रांतीला.

"ते ॲपच बिघडलं होतं," मी सुमनला आणि मीनलला ठणकावून सांगितलं. तर ॲप धडधाकट होतं, हे आज लिहून टाकतो.

माफी मात्र राहिली. अधूनमधून धीर करून तिच्याजवळ जातो. "सुमन, त्या वेळी..."

"काय हो?"

"काही नाही. चहा टाकू?"

इतकी वर्षं हेच चाललंय. मैत्रिणींना ती कौतुकाने सांगते, "म्हातारपणी सुधारले हो!" आणि परवा पित्त वाढलं म्हणून डॉक्टरांनी तिचा चहाच बंद केला.

उद्यापासून कॉफी विचारणार आहे.