पठ्ठ्यांची अदलाबदल

परवा आमच्या सोप्यात नुसता गलका चालला होता. नातू आणि त्याचे दोस्त, सगळे आमच्या तालमीच्या फुटबॉल संघातले, नवा कोच कुणाला करायचा यावर भांडत होते. एक म्हणे, ज्यानं गोल मारलेत त्याला करा. दुसरा म्हणे, छे, बाहेरचा आणा. चहा देता देता मी म्हटलं, "बाळांनो, ह्याच तालमीनं एकदा वस्ताद कसा निवडला ते ठाव हाय का तुमास्नी?" ठाव कुठलं! चहा प्याले आणि गेले मैदानावर. मग म्हटलं, ऐकायला कुणी नसलं तर नसू दे, लिहून तरी ठेवावं.

तेव्हा महाराजांचं राज्य होतं. कुस्तीला असा मान होता की पेठेत पोरगं चालायला लागलं की बाप त्याच्या मांड्या चाचपून बघायचा. आमचं घर तालमीच्या अगदी समोर. घर म्हणजे काय, गोठाच मोठा, घर त्याला चिकटलेलं. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, म्हशी होत्या. पहाटे पैलवान तांब्या घेऊन गोठ्यात यायचे, धार काढली की तिथंच उभ्यानं प्यायचे. तालमीत बायकांनी पाऊल टाकायचं नाही, मारुतीचं ठिकाण. पण गोठ्याच्या दारातनं आतला हौद, म्हणजे कुस्तीच्या तांबड्या मातीचा चौकोन, निम्मा दिसायचा. मी शेणाचा हात तसाच ठेवून त्या निम्म्या हौदाकडं बघत बसायची आणि आईचा धपाटा खायची.

आबा एका काळचे नावाजलेले पैलवान. वय झालं तसं मैदान सुटलं, आणि मैदान सुटलं की माणसं रामराम घालायची बंद होतात हे त्यांना फार लागलं होतं. एकदा मंडईत कुणीतरी त्यांना "अहो दूधवाले" म्हणून हाक मारली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच होतं, तालमीचं वस्ताद व्हायचं. मारुतीच्या कोनाड्याखालची ती घोंगडी, डोक्याला तांबडा फेटा, आणि पोरांनी पाया पडून हौदात उतरायचं.

जुने वस्ताद थकले होते. गुडघे गेले होते, हौदात उतरायचं तर दोघांनी धरावं लागे. एक दिवस त्यांनी पेठेतल्या पंचांना बोलावून सांगितलं, "आता दुसरा बघा." बघायचं काय, नावं दोनच होती. एक आमचे आबा. दुसरे चाचा.

चाचा म्हणजे नालबंद. पागेतल्या घोड्यांना नाल मारायचं काम, वडिलांपासूनचं. उंच, काळेसावळे, कान मोडलेले. आबांच्याच बरोबरीनं त्याच मातीत वाढलेले. बोलायचे कमी आणि बोलले की हसायचे. आम्ही सगळी पोरं त्यांना चाचाच म्हणायचो.

पंचांत दोन तट पडले. एक म्हातारा म्हणाला, "सगळं खरं, पर मारुतीच्या पूजेचं काय?"

जुने वस्ताद खवळले. "दर शनवारी तेल कोण घालतंय रं मारुतीला? नालबंदच न्हवं? का तू घालतोस? तू तर नारळाचा परसाद तेवढा घ्यायला येतोस!"

मग वस्तादांनीच तोड काढली. आबांचा लाडका पठ्ठ्या म्हणजे माझा थोरला भाऊ, आमचा दादा. चाचांचा पठ्ठ्या म्हणजे त्यांच्या बहिणीचा मुलगा. वस्ताद म्हणाले, "अदलाबदल करा. पैलवानाचा पोरगा नालबंदाकडं, नालबंदाचा भाचा पैलवानाकडं. आपल्या पोरावर जीव कोण बी टाकतंय. दुसऱ्याच्या पोराला कसं शिकवतायसा ते दावा. नागपंचमीला दोघांच्या बाहेरच्या गड्यांशी कुस्त्या लावू. ज्याच्या हाताखालचा गडी चांगली कुस्ती करंल, त्याला फेटा."

पेठेला वाटलं, आता गंमत. दोघंही एकमेकांच्या पोराला वाया घालवणार! पण आबांचं मी सांगते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी भाच्याला ढाक शिकवायला घेतली. ढाक हा त्यांचा हुकमी डाव, त्याच्यावर त्यांनी मैदानं मारलेली. दादालाही तो पुरा दिला नव्हता. पोराला घरी आणून वाडगाभर साय खायला घालायचे. आई म्हणायची, "चाचाच्या भाच्याला साय आन् आमास्नी ताक. तुमचा पोरगा कोण हाय नक्की?"

"मातीत उतरलं की सगळी माझीच," आबा म्हणायचे.

आणि तिकडं चाचांनी काय केलं? दादाला हौदात उतरूच दिलं नाही. पहिल्यांदा पागेत घोड्यांच्या दावणीत, लोकांच्या नजरेआड, तेल चोळत बसवलं, हात गळ्यात बांधून ठेवला, मग तालमीच्या दाराशी बारक्या पोरांच्या हलक्या लाकडी मुदगली फिरवायला लावल्या. एवढा दांडगा गडी आणि हातात पोरासोरांची मुदगल! येणारेजाणारे दारात थांबून हसायचे. "काय पैलवान, ताक घुसळताय जणू!" दादा घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसायचा. विचारलं तर नुसतं "चाचा सांगत्यात तसं" म्हणायचा.

आबांचा राग वाढत चालला. मी तेव्हा त्यांच्याबरोबर दुधाची चरवी घेऊन पागेपर्यंत जायची. एका सकाळी त्यांनी चरवी खाली ठेवली आणि सरळ चाचांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. चाचा घोड्याचा पाय मांडीवर घेऊन खूर तासत होते.

"नालबंद, माझ्या पोराचा खेळ मांडलायस व्हय?"

"न्हाय."

"श्रावण तोंडावर आलाय. जोडीला कधी उतरवणार त्याला?"

"ह्या नागपंचमीला न्हाय उतरवणार."

आबा बघतच राहिले. चाचांनी घोड्याचा पाय खाली ठेवला, इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पैलवान, डावा खांदा निखळतोय त्याचा. तुमास्नी ठाव हाय."

आबांनी खाली ठेवलेल्या चरवीकडं नजर वळवली. तेव्हा मला कळलं, की त्यांना खरंच ठाऊक होतं.

"काय शिकवलाय मर्दा तुम्ही त्याला!" चाचा म्हणाले. "सगळी कुस्ती उजव्या हातावर आन् पायावर बांधलीया. त्यो खांदा कुणाला दिसतच न्हाय. मला बी पयल्यांदा दिसंना की. तोड न्हाय असल्या शिकवणीला. पर एक दिस मोठ्या मैदानात कुणीतरी नेमका डावा हात वढंल, मग जन्माचा लुळा झाला गडी."

"बरा हुईल म्हनून थांबलो हुतो."

"बरा हुईल. पर बसवल्याबिगर न्हाय."

आबांचा आवाज उतरला. "आन् तुझं काय? गडी उतरला न्हाय तर तुला फेटा कोण बांधणार?"

"कोण बांधणार?" चाचा हसले. "नाल मारतोय की अजून. सरका बाजूला, ह्यो घोडा लाथ मारतोय."

घरी आईला मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग सांगा की पंचास्नी. लोक त्या माणसाला नावं ठेवाय लागल्यात."

"काय सांगू? पोराचा खांदा निखळतोय म्हनून? उद्या सगळ्या पेठांतनी गवगवा हुईल. जो त्यो पैलवान त्याच खांद्यावर चाल करंल." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "त्यानं तरी कुठं सांगितलंय कुणाला."

हे खरं होतं. चाचा कुणालाच काही सांगत नव्हते. लोक तोंडावर म्हणायचे की दुसऱ्याचं पोर म्हणून कुजवलं, आणि ते ऐकून घ्यायचे. आबाही गप्प होते. पण आबांच्या गप्प बसण्यात फेटा होता, चाचांच्या गप्प बसण्यात दादाचं पुढचं आयुष्य होतं. एवढं मला त्या वयातही कळत होतं, आणि आबांना तर कळतच होतं. म्हशीची धार काढताना ते मध्येच थांबायचे. म्हैस मान वळवून बघायची.

नागपंचमी आली. त्या दिवशी आमच्या तालमीत मातीची पूजा, आणि वर्षातनं तेवढा एकच दिवस बायकांना तालमीच्या पायरीपर्यंत यायची मुभा. बाकीच्या पोरी वारुळाला जाऊन झिम्मा खेळत होत्या. मी आईच्या पदराला धरून पायरीवर बसले. हौदाच्या कडेला पंच, मध्ये जुने वस्ताद, गुडघ्यांवर शाल.

चाचांच्या भाच्याची कुस्ती शाहूवाडीकडच्या एका पैलवानाशी लागली. खडाखडी झाली, हात जुळले, आणि बघता बघता पोरानं ढाक लावली. समोरचा गडी असा उलटून पडला की माती पायरीपर्यंत उडाली. सगळी तालीम ओरडायला लागली. ती ढाक आबांची होती, आंधळ्यानंही ओळखली असती.

मग दादाचं नाव पुकारलं. हातकणंगल्याचा पैलवान लंगोट लावून उभाच होता. चाचा उठले. "माझा गडी ह्या साली बसलाय," म्हणाले आणि खाली बसले.

"का बसलाय?" एक पंच.

"बसलाय."

"अरे, कारण काय?"

चाचा मारुतीकडं बघत राहिले. गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, "पोराला मुदगलीचा नाद लागलाय!" लोक हसले. दादाची मान खाली.

पंचांनी तबक पुढं केलं. तांबडा फेटा. निकालाला आता काय राहिलं होतं? जुने वस्ताद म्हणाले, "या पैलवान, म्होरं या."

आबा पुढं गेले. फेट्याकडं त्यांनी बघितलं ते मी अजून विसरलेली नाही. भुकेलं माणूस ताटाकडं बघतं तसं. मग म्हणाले, "वस्ताद, त्यानं माझं पोरगं का बसवलं ते मला ठाव हाय."

"मग सांग की!"

"सांगणार न्हाय. पर मी बाप असून मला जे जमलं न्हाय ते त्यानं केलंया. फेटा त्याचा."

एक पंच चिडून म्हणाला, "असं कसं? कारण कळल्याबिगर आमी निकाल फिरवायचा?"

"फेटा मला मिळत असताना मी न्हाय म्हनतोय," आबा म्हणाले. "आनी काय पुरावा पायजे तुमास्नी?"

जुन्या वस्तादांनी दादाकडं बघितलं. त्याच्या खांद्याकडं, मला वाटतं. त्या म्हाताऱ्यानं किती खांदे बघितले होते जन्मात! मग ते चाचांकडं वळून म्हणाले, "नालबंद, हिकडं ये."

चाचा जागचे हलेनात. "पैलवान, खुळं झालायसा काय?"

"गप ऱ्हा आन् जा म्होरं," आबा म्हणाले. "आन् गुडघ्यावर बस. वस्तादास्नी उभं ऱ्हाता येत न्हाय, आन् तू ताडासारखा हायस."

चाचा गुडघ्यावर बसले. फेटा बांधायचा तर दुसरं टोक ताणून धरायला कुणीतरी लागतं. ते आबांनी धरलं. लांबलचक फेटा, तालमीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वस्ताद एकेक वेढा बांधत गेले तसे आबा एकेक पाऊल पुढं येत गेले, आणि शेवटी चाचांच्या अगदी जवळ येऊन ते टोक त्यांनी वस्तादांच्या हातात दिलं. आई पदरात तोंड घालून रडत होती. मला म्हणाली, "कांदा चिरलाय सकाळी." नागपंचमीला आमच्यात कुणी विळीला हात लावत नाही.

दादा पुढच्या साली उतरला आणि दोन्ही हातांनी कुस्त्या केल्या. आता ते सगळेच गेले, म्हणून हे लिहिलं तरी चालेल.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोठ्यात होते. आबा नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी तालमीच्या दाराशी पोचले, पण आत गेले नाहीत. पागेच्या बाजूनं चाचा आले.

"चला की आत," चाचा म्हणाले. "दार अडवून का हुबं ऱ्हायलायसा?"

"वस्ताद आदी," आबा म्हणाले आणि बाजूला सरकले.