जिन्यामागचा ड्रम

भोरच्या त्या बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत सरोजताईंचा निळा ड्रम म्हणजे भांडणाचं बारमाही निमित्त. कचेरीतून निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, देवदर्शनं करतात. या बाईंनी ड्रमला भोकं पाडून घेतली आणि जिन्यामागे सगळ्यांचा कचरा कुजवायला बसल्या! साली, देठं, चहाचा चोथा, वर गिरणीतलं तूस. शिजलेलं अन्न मात्र मुळीच नाही. तीन वर्षांत कधी वास आला नाही, खत मात्र सगळ्यांनी कुंड्यांसाठी हक्काने नेलं.

गेल्या महिन्यात अशी घाण सुटली की विचारू नका. सरोजताईंनी हात घातला तर आत इंद्रायणीच्या भाताचे चिकट गोळे. हवाच खेळेना, सगळं सडलं. "रविवारच्या मीटिंगपर्यंत बंदोबस्त करा, नाहीतर ड्रम उचला," असं अध्यक्ष शरच्चंद्ररावांनी सर्वांदेखत सुनावलं. बाईंचा चेहराच उतरला. तीन वर्षांची मेहनत होती हो ती!

शनिवारी सकाळी सहालाच त्या जिन्यामागे दबा धरून बसल्या. पातेलं घेऊन आले ते खुद्द अध्यक्ष.

"अहो, कमाल आहे तुमची! वर मलाच दम देता?"

शरच्चंद्ररावांनी पातेलं खाली ठेवलं. "वास माझ्याच भाताचा असेल हे खरंच ध्यानात आलं नाही. ही जाऊन दीड महिना झाला. कुकर अजून दोघांचाच लागतो हातून. उरलेलं घंटागाडीत टाकवत नाही. वाटलं, निदान मातीला तरी जाईल."

सरोजताईंचा राग कुठल्या कुठे गेला.

रविवारी शरच्चंद्रराव उभे राहिले, "भात माझा होता, ड्रम राहील," एवढंच म्हणाले आणि बसले.

संध्याकाळी सरोजताई त्यांच्या दारात उभ्या. हातात स्टीलची लहानशी वाटी.

"घ्या. रोज एवढाच तांदूळ."

"एवढासाच? पुरेल?"

"पुरतो. आमचे गेल्यापासून सात वर्षं हीच वाटी घेतेय मी."

"मग तुम्हाला?"

"मला आता डोळे मिटूनही एकटीचा अंदाज येतो."