हातात जोर नाय

शहापूरला हायवेच्या आतल्या बाजूला माझं गॅरेज आहे. गॅरेज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पाने, जॅक आणि ग्रीसचे हात येतात. माझ्याकडे ते थोडंच असतं. माझं मुख्य काम लॅपटॉप आणि स्कॅनरवर चालतं. आताच्या गाडीत इंजिनाचा, ब्रेकचा, स्टिअरिंगचा असा प्रत्येकाचा वेगळा छोटा कॉम्प्युटर असतो, आम्ही त्याला मॉड्यूल म्हणतो. ही मॉड्यूलं आपसात सारखी बोलत असतात. एकात नवं सॉफ्टवेअर भरलं आणि दुसऱ्यात जुनंच राहिलं, तर एकाचं बोलणं दुसऱ्याला धड कळत नाही आणि गाडी विचित्र वागायला लागते. हे शोधून काढणारा कसाऱ्यापासून मुरबाडपर्यंत मी एकटाच, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

मुरबाड तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्राची सिस्टर तिची छोटी गाडी घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा डॅशबोर्डवर ब्रेकचा दिवा लागलेला होता. पंचेचाळिशीची बाई, अंगावर कामावरचीच साडी. डोंगराकडच्या पाड्यांवर लसीकरणाला ती स्वतः गाडी चालवत जायची. ब्रेकचं मॉड्यूल गेलेलं होतं. मी नवीन बसवलं आणि त्यात सॉफ्टवेअर भरलं. काम संपलं तसा स्क्रीनवर लाल अक्षरांत मजकूर आला, की स्टिअरिंगचं सॉफ्टवेअर आता याच्याशी जुळत नाही, तेही बदला. नेट अडकत अडकत चालत होतं. अजून तासभर तरी गेला असता, आणि आसनगावला साडूकडे हळद होती. मी ती सूचना बाजूला सारली. दिवा विझला होता, गाडी चालत होती. सिस्टरला मी काहीच सांगितलं नाही. झालं म्हटलं, न्या.

तीनेक आठवड्यांनी ती परत आली. मध्येच स्टिअरिंग जड होतं, म्हणाली. मी हायवेवर एक चक्कर मारून आलो, मला काही जाणवलं नाही. तसं सांगून तिला पाठवून दिलं.

पुढच्या खेपेला तिने एक वही आणली. उपकेंद्रात बाळांची वजनं लिहायला असते तशी आडव्या रेघांची. स्टिअरिंग केव्हा जड झालं, त्याआधी काय झालं होतं, किती वेळ जड राहिलं, सगळं त्यात लिहून ठेवलंय, म्हणाली. "भाऊ, दोन मिनिटं वाचा."

समोरच्या बाकावर दोन ओळखीची गिऱ्हाइकं बसली होती. माझे हात दुसऱ्या गाडीत होते. खरं सांगायचं तर हात मोकळे असते तरी मी ती वही वाचली नसती. गाडीचा दोष कोणी वहीत लिहून आणतं, याचंच मला हसू येत होतं. मी उठून तिचं स्टिअरिंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवलं आणि बाकावरच्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मॅडम, स्टिअरिंग हलकंच आहे. तुमच्या हातात जोर नाय, बाकी काय नाय."

बाकावरचे हसले. मीही हसलो. तिने वही पिशवीत ठेवली. घरात दुसरं कोणी गाडी चालवत असेल तर त्याला पाठवा, असंही मी वर सांगितलं.

आठवड्याने तिचा थोरला भाऊ आला. तो सांगत होता की मुरबाडहून निघाला तो कुठे न थांबता थेट शहापूरला आला, पण स्टिअरिंग एकदाही जड झालं नाही. मी म्हटलं, बघा. त्यानेही मान हलवली. बायकांचं असंच, अशा अर्थाचं काहीतरी आम्ही दोघंही बोललो. नेमके शब्द मला आठवत नाहीत, आणि आठवत नाहीत हेच बरं.

त्यानंतर ती आली नाही. चार-पाच महिने गेले असतील. किन्हवलीकडचा एक वीटभट्टीवाला तसलीच गाडी घेऊन आला. त्याने गाडीतून उतरता उतरता एवढंच सांगितलं, की स्टिअरिंग कधी कधी जड होतं. मी लगेच त्याला खुर्ची दिली. कधी होतं, किती वेळ होतं, त्याआधी गाडी उभी होती का, दहा प्रश्न विचारले. त्याला धड काही सांगता येत नव्हतं. बराच आठवून तो म्हणाला, की थोडं थांबून परत चालू केली की होतं बहुतेक. मी स्कॅनर लावला. ब्रेकचं सॉफ्टवेअर कुणीतरी नवं भरलेलं होतं आणि स्टिअरिंगचं जुनंच राहिलेलं. गाडी रात्रभर उभी राहिली तर सगळी मॉड्यूलं झोपतात आणि सकाळी एकत्र जागी होतात, तेव्हा काही अडत नाही. पण दहा-पंधरा मिनिटांच्या थांब्यात एक झोपलेलं असतं आणि दुसरं जागंच असतं. मग चालू केल्यावर गाडीचा वेग स्टिअरिंगपर्यंत पोचत नाही. गाडी जोरात धावतेय असं समजून ते फिरवणाऱ्या हाताला द्यायची मदत काढून घेतं. जोरात धावताना स्टिअरिंग घट्टच असावं लागतं.

नवं सॉफ्टवेअर भरत होतं आणि मी स्क्रीनकडे बघत बसलो होतो. पाड्यावर थांबायचं, दोन बाळांना सुई द्यायची आणि पुढच्या पाड्यावर जायचं, हेच तर सिस्टरचं रोजचं काम. आणि भाऊ आला होता तो कुठेही न थांबता.

लॅपटॉपमध्ये जुने रिपोर्ट राहतात. तिच्या गाडीचा उघडला. लाल मजकूर तिथे होताच. त्याच्या खाली, मी तो डावलला त्याची नोंदही होती.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन मी मुरबाडच्या बाजूला निघालो. उपकेंद्राच्या आवारात तिची गाडी उभी होती. काचेवर धूळ होती. उपकेंद्रातल्या आशाताईने सांगितलं, की सिस्टर पाड्यावर गेल्यात, चालत. घरापासून इथवर रस्ता सरळ आहे तेवढी गाडी आणतात, पुढं वर न्यायला घाबरतात. तासाभराने सिस्टर आली. खांद्याला लसींचा निळा डबा होता. डबा उतरवून तिने खांदा चोळला, मग माझ्याकडे बघितलं. तिने ओळखलं मला.

गाडी बघायला आलोय म्हटल्यावर तिने किल्ली दिली. मी काम करत असताना ती शेजारच्या पायरीवर बसून होती. हात कसे आहेत, असं मी उगाच विचारलं.

"हात बरेयत," ती म्हणाली. "कल्याणला दाखवून आले. सुया टोचून नसा तपासल्या, काय निघालं नाय. तरी रोज सकाळी रबरी चेंडू दाबते. शंभर वेळा."

वाटेत मी काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. काम संपल्यावर तेच सांगितलं, की सॉफ्टवेअरचा घोळ होता, या गाड्यांमध्ये असं होतं कधी कधी. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग बाळाला ताप कालपासून आहे का, असं एखाद्या आईला विचारावं तसं तिने विचारलं, "हे पहिल्या वेळी मशीनमध्ये दिसलं नव्हतं का?"

नाही म्हणता आलं असतं. तिला कळलंही नसतं.

"दिसलं होतं," मी म्हणालो.

"मग?"

"मला हळदीला जायचं होतं."

ती आत गेली आणि ती वही आणून माझ्या हातात दिली. मी तिथेच उभ्याने वाचली. बारा नोंदी होत्या आणि प्रत्येकीची सुरुवात 'थांबून निघाल्यावर' अशी होती. एक नोंद उताराच्या वळणाची होती. समोरून एसटी आली, गाडी कडेला घातली, लसीचा डबा मागच्या सीटवरून खाली पडला. त्याखाली लिहिलं होतं, की अर्धा तास तिथेच बसून राहिले. पहिल्या पानावरची पहिली ओळ वाचली असती तरी मला दोष कळला असता.

मी वही परत दिली. ती म्हणाली, चला, बघून येऊ. मला शेजारी बसवून तिने गाडी वरच्या रस्त्याला काढली. पहिल्या पाड्यावर गाडी बंद करून ती एका घरी बाळंतिणीला बघून आली, दुसऱ्यावर नुसतीच घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबली. दोन्ही वेळा परत निघताना वळणावर स्टिअरिंग अलगद फिरलं. तरी वळण संपेपर्यंत तिचे दोन्ही हात घट्ट होते.

आवारात परत आल्यावर तिने गाडी बंद केली, पण उतरली नाही.

"माझ्या भावाला तुमी सांगा," ती म्हणाली. "गाडी विकून टाक म्हणून तो रोज मागं लागलाय. माझं सांगून झालंय."

माफी मागून परत निघायचं, एवढंच माझ्या मनात होतं. संध्याकाळी तिच्याबरोबर तिच्या घरी गेलो. ओटीवर भाऊ होता आणि त्यांची आई तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. दोष मला दिसला होता आणि मी तो तसाच सोडला, हेही सांगितलं. वही वाचली नाही, बाकावरच्यांसमोर बाईंना हसलो, हे सांगताना माझा आवाज बारीक झाला. आईने सुपावरचा हात थांबवला आणि मुलीकडे बघितलं.

भाऊ मात्र लगेच मोकळा झाला. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या हो भाऊ, कामात होतं असं. तुमी एवढ्या लांब आलात, हेच खूप झालं." मग आत बघून म्हणाला, "चहा टाक गो."

सिस्टर दारात उभी होती. भावाने मला माफ केलं ते तिने ऐकलं. ती आत गेली आणि स्टोव्हचा आवाज यायला लागला. दिवसभर चालून आलेल्या त्या बाईच्या हातचा चहा नको म्हणायचं धाडस मला झालं नाही. मी तो प्यालो.

वीटभट्टीवाल्याच्या विटा तिकडे जातात, त्याच्याकडून कळतं, की ती आता वरच्या सगळ्या पाड्यांवर गाडी नेते. सर्व्हिसिंगला मात्र ती कल्याणला जाते. शहापूर तिला जवळ पडतं.